चार बोटं फीत

रोल्यातला वड मी येण्याआधीच पडला होता,
तरी शारजात पत्ता सांगताना लोक म्हणत, वडापाशी ये.
त्या नसलेल्या वडापासून तिसरा गाळा फकीहशेठचा.
पुढे भिंतभर कॅसेटी,
मागे मोरीएवढ्या जागेत मी,
स्पिरिट, कापूस, ब्लेड, चिकटपट्टी.

नवा सिनेमा दुपारच्या विमानाने यायचा,
रात्रीत त्याचे अकरा व्हायचे,
अकराव्यात नायिका दुधात बुडाल्यासारखी.
तरी गुरुवारी संध्याकाळी रस्त्यापर्यंत रांग.

उस्मानचाचा स्टुलावर बसून असायचा.
उघड्यावरच्या थेटरात त्याने एकोणीस वर्षं रिळं फिरवली होती;
पडद्याच्या भिंतीवर आता कोणी गालिचे वाळवतं.
माझ्या हातातली फीत उजेडाला धरायचा, म्हणायचा,
"यात माणूस कुठाय रे?
आमच्यात नखाएवढा का होईना, दिसायचा."

बजरंग खाडे, वेल्डर, आटपाडीचा,
शर्टाच्या आत मांजराचं पिल्लू आणावं
तशी एक कॅसेट घेऊन आला.
बहिणीचं लग्न. पहिल्याच रात्री मशीनने गिळलेलं.
"एवढी सोडवा मास्तर. सोळा जण खोळंबल्यात."

सोडवली.
पण मधेच चार बोटं फीत अशी चुरगळलेली
की तिने पुढची सगळी खाल्ली असती.
कापली. जोडली.
चार बोटं म्हणजे तीन सेकंद.

पुढच्या गुरुवारी तो दारात.
"आई कॅमेऱ्याकडं बघून म्हणती, बजा...
आन एकदम घोडंच येतंय."
मी म्हटलं, पैसे नकोत.
म्हणाला, "पैशाचं न्हाई वो."

ती कॅसेट त्या खोलीत पाच वर्षं चालली.
दुसरे सिनेमे येत, परत जात. ही राहिली.
पेशावरचा गुल झमान
अंतरपाट खाली यायच्या आधीच टाळी वाजवायचा.
टेकबहादूरला नवरदेवाचा मामा आवडायचा,
तिसऱ्या पंगतीत जगासकट पडणारा.
आणि 'बजा'नंतर सोळा जण गप्प व्हायचे,
घोडं आलं की भांडायचे:
जेवलास का, म्हणाली. छे, पैसे पोचले म्हणाली.
गुल झमान म्हणे, माझंच नाव घेतलं असणार,
तुम्ही मधे बोलता.

मग तबकड्या आल्या. मग गच्च्यांवर ताटल्या.
उस्मानचाचा हर्णैला गेला तो तिकडचाच झाला.
फकीहशेठने कॅसेटी किलोवर काढल्या;
भंगारवाल्याने प्लास्टिक तेवढं नेलं,
फीत पायरीवर ओतून गेला.
चार दिवस रस्ताभर काळी झिपरी,
खजुरीत अडकलेली, गाड्यांच्या चाकांत,
एक झाडूवाल्याने कमरेला बांधलेली.
कुठल्या झिपरीत कोण रडत होतं
ते आता उस्मानचाचाच काय, मीही सांगू शकलो नसतो.

गाळा तोच. मी आता फोनच्या काचा बदलतो.
गेल्या महिन्यात बजरंग आला, मिशा पांढऱ्या,
काच फुटलेली. बदलली, तेवढ्यात आईचा फोन.
पडद्यावर नुसतं कपाळ.
माझ्यासमोरच त्याने विचारलं,
"आये, सुमीच्या लग्नात बजा म्हणून फुडं काय म्हणालीस?"
"कुठलं लगीन? दिसंना तू. उजेडात ये."
तो उजेडात गेला. दुकानाबाहेर,
उन्हात, फोन हातभर लांब धरून,
आणि पैसे द्यायचे विसरून गेला.

सांगितलं नाही त्याला:
ती चार बोटं मी टाकली नव्हती.
पावडरच्या डब्यात होती, स्क्रूंच्या खाली.
का ठेवली, माहीत नाही. मशीनच उरलेलं नाही.

परवा डबा उघडा.
माझा पोरगा कामगार, नौफल, मलप्पुरमचा,
वीस वर्षांचा, म्हणाला, ती पट्टी होय?
हवा येतेय का कळत नव्हतं, म्हणून लावली.
वर बघितलं.
एसीच्या जाळीला एका टोकाने चिकटवलेली,
दिवसभर फडफडते.
काढायला स्टूल घेतलं होतं,
त्यावरच बसलो.